मैंदर्गीच्या काकूंचे शेंगदाणे

शेंगाचटणीवर एवढे तुटून पडलाय म्हणून सांगतो. शेंगदाण्यांतल्या बुरशीच्या विषावर माझं संशोधन चालू आहे, हे तुम्हाला माहीत आहेच. मैंदर्गीच्या एका काकूंकडून नेलेला नमुना एकदम चांगला निघाला, म्हणून मुद्दाम सांगायला गेलो. त्यांनी आधी भाकरी-चटणीचं ताटच पुढं केलं.

"काकू, तुमच्या दाण्यांत विष औषधालासुद्धा नाही," मी खात खात म्हणालो.

"कसं असंल? एकेक दाणा निवडून दिलाय की. तपासायला काळे दाणे दिले तर घराची अब्रू जाती."

"मग काळे कुठं गेले?"

"चटणीत. कुटल्यावर कुणाला कळतंय?"

माझा घास तोंडातच थांबला. गिळावा तर संशोधन आडवं येत होतं, थुंकावा तर काकू समोर बसलेल्या.

"लई आवडलेली दिसती," म्हणत त्यांनी आणखी वाढली.