डॉक्टरांच्या दारात

फिलाडेल्फियात देवीची साथ आली होती. टोचून घ्यायच्या रांगेत माझ्यापुढे डॉर्कस लहानग्या लेकीला छातीशी धरून उभी होती, शेजारी तिची सासू.

“चल घरी. धडधाकट पोरीच्या अंगात मुद्दाम रोग घालायचा?”

“टोचलं की थोडक्यात निभावतं, आई.”

“त्या छापखानेवाल्या फ्रँकलिनचं पोर टोचूनच गेलं म्हणतात.”

“टोचलंच नव्हतं त्याला. बापानं स्वतः पेपरात छापलंय.”

“आणि हिला काही झालं तर? माझ्या लेकाला काय तोंड दाखवशील?”

“तुमची तीन मुलं देवीनंच गेली ना, आई? त्यांना कुणी टोचलं होतं?”

सासूनं पोरीच्या डोक्यावरचं टोपरं नीट केलं.

दार उघडलं. “पुढे कोण?”

“आम्ही,” सासूच म्हणाली. “दे तिला इकडे, मी धरते.”