ठमीचा गोवर शाळेतून आला नव्हता

त्या सकाळी मी गोठा झाडला, गोवऱ्या थापल्या, नाचणी दळली आणि माझ्या ठमीला उठवलं. तिचे डोळे लाल होते, नाक वाहत होतं... पाहा, मी मधूनच सुरू केलं. सन्माननीय अध्यक्षसाहेब, शेजारी बसलेले लोकल बोर्डाचे सभासद, बदली होऊन मुरबाडला निघालेल्या आपल्या शाळेच्या फणसेबाई आणि जमलेल्या आयाबायांनो, आधी सर्वांना नमस्कार. मला भाषणाची सवय नाही. अक्षरं शिकले तीही ठमीच्या पुस्तकावर बोट ठेवून, ती गेल्यावर.

बाईंचं कौतुक आधीच्या मंडळींनी माझ्याहून चांगलं केलं. मला निराळंच सांगायचं आहे. नऊ वर्षं गाव म्हणतं, ठमीला शाळेतला ताप लागला. पलीकडच्या पाड्यावरच्या मुली त्या भीतीने आजही शाळेत येत नाहीत. बाईंनी कधी उलट शब्द काढला नाही. पण हा बोल त्यांच्याबरोबर मुरबाडला का जावा?

चौतीस साली कमळाबाईंच्या मालूला गोवर आला. कमळाबाई समोरच आहेत, त्यांनी हवं तर रागवावं. गोवर म्हणजे देवी घरी आली, असं आपण मानायचो. गावच्या बायका नारळ, खण घेऊन त्यांच्या दारी लोटल्या. माझं कुंकू जाऊन तीन वर्षं झाली होती. माझ्या उंबऱ्यात कोण येणार? मला कमळाबाईंचा हेवा वाटला. त्यांच्या तापलेल्या पोरीचाही वाटला. म्हणून चांगल्या धडधाकट ठमीला मी मालूच्या शेजारी बसवलं आणि तिच्याच पानातला दहीभात भरवला. तिथे बसलेल्या सोमीकाकू म्हणाल्या, "गो, देवी काय अशी वढून आणता येत नाय."

"माझे दारी आली की मग बघा," मी म्हटलं.

दहा-बारा दिवसांनी ती सकाळ आली. ठमीचं अंग तापलेलं पाहून मला आनंद झाला. म्हटलं, "शाळेत जा नि समद्यांना सांग, आमचे घरी देवी येते."

घटकाभरात बाई तिला कडेवर घेऊन माझ्या घरी आल्या. म्हणाल्या, "हिला घरातच ठेवा. कोणाला आत घेऊ नका." नारळ घेऊन आलेल्या बायका त्यांनी माझ्या दारातूनच माघारी धाडल्या.

"मालूची चालली, माझीच देवी तुमाला नाय चालत?"

"मालूच्या वेळी मी रजेवर होते. नाहीतर तिच्याही दारात उभी राहिले असते."

सातव्या दिवशी ठमी गेली. तिच्यामागून शाळेतल्या अकरा मुली गोवराने आजारी पडल्या, आणि अकराही बऱ्या होऊन उठल्या. त्यांच्या आया इथे बसल्या आहेत. तुमचा हेवा माझ्या मनातून अजून गेलेला नाही, खोटं कशाला बोलू?

पंधरवड्याने बाई घरी आल्या. शेजारणींच्या देखत मी म्हटलं, "तुमचे शाळेनंच नेली माझी पोर." दहीभाताचं सगळं ठमीने त्यांना सांगितलं होतं, हे मला पुढे कळलं. त्या एवढंच म्हणाल्या, "पोरी आत येण्याआधी कोणाला ताप आहे का, हे बघणारं माणूस मला हवंय. उद्यापासून याल?" त्यांना पोरींनी भरलेली शाळा होती. मला त्यांचाही हेवा वाटला.

बाई, तुम्ही गप्प राहिलात, त्याचे उपकार. अध्यक्षसाहेब, मला बोलू दिलंत, तुमचेही आभार. समारंभात बोलू नये असं काही बोलले असेन तर अडाणी समजून सोडून द्या.

बाईंनी तेव्हा विचारलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी शाळेच्या दारात जाऊन बसले. पहिली मालू आली. मी तिच्या कपाळावर हात ठेवला. ते थंड होतं. मी तिला आत सोडलं.