सव्वा किलोची कुऱ्हाड

हलकी? हलकीच आहे हो, मुद्दाम केलीय — आणि अशी एका हाताने काय धरताय, चमचा आहे का तो? एक हात दांड्याच्या टोकाला, दुसरा लोखंडाच्या खाली. हां! आता कशी शोभतेय. लोखंड सव्वा किलोचं, आणि दांडा माझ्या हातचा. आमची वाटणी लग्नापासून ठरलेली — लोखंड यांचं, लाकूड माझं, आणि गिऱ्हाइकांशी बोलायचं तेही माझंच, कारण हे बोलायला लागले की गिऱ्हाईक जातं. मागे अंगणात ठकठक ऐकू येतेय ना, तेच. नवी कुऱ्हाड झाली की स्वतः ओंडका फोडून बघतात, आणि मनासारखी चालली तरच तिच्यावर आमचा शिक्का पडतो. न चालवलेली कुऱ्हाड या दुकानात मिळायची नाही. सख्ख्या भावाला दिली नाही यांनी, तर तुम्हाला कुठली!

तर तुम्हाला काय काय करायचंय म्हणालात? ओंडके फोडायचे, झाड पाडायचं, फांद्या छाटायच्या, शिवाय गाडीत टाकून रानात न्यायची. म्हणजे सून एकच, आणि सगळ्या घराची कामं! अहो, एक गोष्ट मागायला गेलं की दुसरी हातची जाते. पातं जाड केलं तर ओंडका फाटकन दुभंगतो, पण उभ्या झाडावर नुसतं आपटतं, आत म्हणून जात नाही. बारीक केलं तर झाडात सरसर जातं — आणि ओंडक्यात असं रुततं, की मग तुम्ही आणि ओंडका, बसा ओढत. पोलाद कडक ठेवलं तर धार टिकते, पण गाठीवर बसली की तुकडा उडतो. मऊ ठेवलं तर रोज घासत बसा. म्हणून ही अशी केली — धार बारीक, पण तिच्या मागे पोटाला जरा फुगवटा, म्हणजे शिरते ती शिरते आणि वर लाकडाला दोन्हीकडे ढकलते. धारेला तेवढं कडक पाणी दिलंय, बाकीचं मऊ. वजन कमी केलं म्हणून दांडा चार बोटं वाढवला, फिरवताना वेग येतो. त्या चार बोटांवरून आम्ही महिनाभर भांडलो. हे रुसून जेवले नाहीत एकदा — म्हटलं रुसा, मी झाकून ठेवते.

दोन किलोची? छे, दोन किलोची आता करत नाही. ती भिंतीवरची विकायची नाही. नाही हो, मोडकी नाहीये — पण तुम्हाला हवी कशाला, कचेरीत बसणारा माणूस तुम्ही, दुसऱ्या दिवशी कंबर धरून बसाल! बरं, नसाल बसत कचेरीत. दंड चांगलेच आहेत तुमचे, मी कुठे नाही म्हणतेय. पण लोक आता हलकीच मागतात. सगळेच. म्हणजे — पुष्कळ जण. तशी दोन किलोचीही मागतात म्हणा अधूनमधून — बरेचदा — जाऊ दे ना ते.

अहो, कुठे निघालात? यांना विचारायला? थांबा, थांबा, बसा खाली! यांना अजिबात विचारायचं नाही. तुम्ही मागितलीत तर हे लगेच भट्टी पेटवतील, घण मशीनचा आहे, तिथे काही अडत नाही — पण मग चालवून कोण बघणार? उजवा खांदा वर जात नाही हो यांचा, ही हलकी तेवढी कशीबशी उचलतात. शर्टात हात घालताना भिंतीकडे तोंड करतात, मला दिसू नये म्हणून. ती भिंतीवरची शेवटची दोन किलोची. उचलली, आणि अर्ध्यातूनच खाली आणली, म्हणाले, दांड्यात गाठ आहे. माझ्या दांड्यात गाठ! एरवी मी घर डोक्यावर घेतलं असतं. त्या दिवशी म्हटलं, असेल हो, नजरचुकीने राहिली असेल. आणि दुसऱ्या दिवशी सांगितलं की गिऱ्हाइकं हलकी मागताहेत, सगळ्या कामांना एकच, रानात न्यायला वगैरे. सगळं मनचं. एकाही गिऱ्हाइकाने मागितली नव्हती. पण करू काय? ज्या दिवशी चालवून बघता येणार नाही, त्या दिवशी हा माणूस शिक्का उचलून ठेवेल आणि खिडकीत बसून राहील, आणि ते मला बघवणार नाही. कुऱ्हाडीत खोट नाही हं पण! चांगली झालीय. यांच्यासाठी केली म्हणूनच इतकी चांगली झालीय — उगाच म्हणून एक ग्रॅमही ठेवता येत नव्हता ना.

तेव्हा हे आत आले की तुम्ही फक्त म्हणायचं, मला अशीच हलकी हवी होती. एवढं कराल ना? आता काय झालं? माझ्या मागे काय बघताय?

अहो! तुम्ही — तुम्ही कधीपासून उभे आहात? काही नाही, या भाऊंना हलकीच हवी होती, तेच सांगत — काय? आणखी पाव किलो कमी करू म्हणता? म्हणजे तुम्हाला — तुम्हाला बरं पडेल? आणि हलकी तुमच्यासाठीच करवून घेतेय हे ठाऊक होतं, तर महिनाभर भांडलात कशाला हो माझ्याशी?

भाऊ, ती कुऱ्हाड ठेवा तिथेच आणि निघा तुम्ही. नाही, आज काही विकायचं नाही. जाताना दार ओढून घ्या.