पडद्यावरून न जाणारं नाव

मंडळी, आज एकच प्रश्न. माणसाला आपलं नाव मागं ठेवायचं असेल, तर ते लिहायचं कुठं?

वर पंख्यांकडं बघितलंत, मला कळलं. पात्यापात्यावर देणगीदार — आणि पंखा चालू झाला की एकही वाचता येत नाही!

ऐका तर. शेळवणी गावचं मारुतीचं देऊळ. तिथली पूजा गुरवांची आणि पडद्याची सेवा त्यांच्या सुनेची, सुलभाची. पडदा म्हणजे भिंतीवरचा मोठा टीव्ही. कीर्तनात अभंग त्यावर लिहून यायचा. का? पुढच्या रांगेत आठ म्हातारी माणसं, कानानं अधू. त्यांना कीर्तन डोळ्यांनीच ऐकावं लागे.

टीव्ही दिला पेट्रोल पंपाच्या दिनकरदादांनी. अट एकच.

"खाली माझं नाव पाहिजे. पांढरं, ठळक. काकड्यापासून शेजारतीपर्यंत. उजेड कमी करायचा नाही."

"दादा, एकच अक्षर इतका वेळ ठेवलं तर पडद्यावर त्याचा डाग बसतो."

"टीव्ही तू दिलायस का?"

संपलं. सुलभानं नाव लावून टाकलं.

अकरा महिने गेले. गावचे जुने गुरुजी वारले. देवळात शोकसभा ठेवली, टेबलावर गुरुजींचा हार घातलेला फोटो. सुलभानं पडद्यावरून दादांचं नाव काढलं आणि लावलं, 'भावपूर्ण श्रद्धांजली'. खालची जागा मोकळी.

मोकळी? दादांचं नाव तिथंच! करडं, पुसट, पण अक्षर न् अक्षर वाचता येतंय.

कुणीतरी नुसत्या पडद्याचा फोटो काढून पाठवला — वर श्रद्धांजली, खाली दादांचं नाव. दुपारच्या आत कराडची मेहुणी दादांच्या दारात गाडीतून उतरली, ती रडतच. दार उघडलं कोणी? दादांनी.

हसा, हसा. मेहुणी नाही हसली.

दादा तरातरा देवळात आले. "माझं नाव काढ."

"काढलंय."

"मग हे काय?"

सुलभानं पडदा कोरा केला. नाव होतंच.

"दादा, यातला ठिपका न् ठिपका स्वतः झिजून उजेड देतो. तुमच्या नावाचे ठिपके अकरा महिने बसलेच नाहीत. ते दमले, बाकीचे ताजे आहेत. जिथं सगळ्यांत जास्त उजेड होता, तिथंच डाग पडला."

दादा टीव्ही काढायला पुढं झाले.



"घेऊन जातो मी हा. लाज वाटते."

सुलभा टीव्हीपुढं उभी राहिली. "मग पुढच्या रांगेतल्या हौसाआजींनी काय वाचायचं? अकरा महिने अभंगाची शेवटची ओळ तुमच्या नावाखाली दडलीय. एक महिना द्या. माझ्या पद्धतीनं."

काय केलं तिनं? उजेड निम्म्यावर आणला. प्रत्येक कडवं वेगळ्या जागी लावलं. कुणी वाचत नसेल तेव्हा पडदा काळा. आणि देवळाचे ट्रस्टी वीज वाचवायला रोज टीव्हीचं भिंतीवरचं बटण बंद करायचे. तिथं कागद चिकटवला — हात लावू नये. रिमोटनं बंद केलेला टीव्ही आपल्या ठिपक्यांची डागडुजी आपणच करतो. वीजच तोडली, तर डागडुजी कसली?

डाग गेला? पुरता नाही. देवळात उभा राहून खोटं कसं सांगू? झिजलेलं परत येत नाही. पण पुढं वाढला नाही, आणि अभंगाच्या अक्षरांत तो हरवला.

हनुमान जयंती आली. देऊळ भरलेलं. शेवटच्या ओळीपाशी बुवा श्वास घ्यायला थांबले — आणि हौसाआजींनी ती ओळ वाचली. खणखणीत! मग आठही म्हाताऱ्यांनी. मग साऱ्या देवळानं. टाळ, मृदंग, बुवा — सगळे आजींच्या मागं!

आजींनी शेजारणीला हलवलं. "हा टीव्ही कुणी दिला गं?"

बहिऱ्या माणसाची कुजबूज ती, मारुतीलासुद्धा ऐकू गेली. आणि सारं देऊळ एका आवाजात म्हणालं, "दिनकरदादांनी!"

दादा मागं खांबाला टेकून उभे होते. उपरणं डोळ्यांना लावलेलं. पडद्यावर त्यांचं नाव कुठंच दिसत नव्हतं.

आता तुमचं बघू. भावजय एकदा काय बोलली, ते किती वर्षं लावून ठेवलंय मनात? पूर्ण उजेडात? करा कमी. होऊ द्या पडदा काळा थोडा वेळ.

चला, उचला हात. स्वतःचं सोडून कुणाचंही नाव घ्या — आणि वाजवा टाळी!