खरबुजाचं पाणी, आमसुलाचं पाणी

मी गुहागरची, म्हणजे अगदी गुहागर नाही, अलीकडे खाडीवर गाव आहे, पण नाव सांगून तुम्हाला काय कळणार, गुहागरच समजा. बाबा होडीवर, आई रातांबे फोडून आमसुलं घालायची. मी चिपळुणात पार्लरचं शिकले, तर आजी म्हणाली, बायकांच्या भुवया उपटून पोट भरणार होय गो तू? भरलं की पण! लग्न झालं, हे इथे कुवेतात, शुवैखला गॅरेजात मेकॅनिक, मग त्यांनी व्हिसा काढून मलाही आणली, सलवा भागात उम्म बदरच्या सलूनमध्ये. उम्म बदर म्हणजे बदरची आई, इकडे असंच हाक मारतात, मी आपली मॅडम म्हणायचे. मी सलूनच्या मागच्या खोलीत राहायचे, हे गॅरेजच्या खोलीवर, गुरुवारी संध्याकाळी यायचे ते शनिवारी पहाटे जायचे. असला आमचा संसार.

मॅडमचं एक वेड होतं, फळाचं पाणी. इथल्या एसीत आणि उन्हात चामडी नुसती कागद होते, त्यावर क्रीम थापून काही होत नाही, आधी पाणी पाजा म्हणायच्या. मग मी काकडी किसायची, कलिंगडाचं पांढरं किसायची, मलमलीतून गाळून बाटल्या फ्रीजमध्ये. थ्रेडिंग झालं की थंडगार फवारा. बायका डोळे मिटून अल्लाचं नाव घ्यायच्या. मला आधी हसू यायचं, खायचं सोडून तोंडाला काय फासताय, पण गुण यायचा हो, खोटं कशाला बोलू.

मग ते नव्वदच्या ऑगस्टचं झालं, इराकची फौज कुवेतात घुसली. मॅडम मुलांना घेऊन सुट्टीला कैरोत होत्या, त्या तिकडेच अडकल्या. इथे त्यांचा धाकटा भाऊ होता, त्याला पहिल्याच आठवड्यात इराकी शिपाई घरातून घेऊन गेले. आणि आमचे हे? गॅरेजच शिपायांनी ताब्यात घेतलं, आमच्या गाड्या दुरुस्त करा, बाहेर पडायचं नाही. आपली माणसं बसने जॉर्डनला, अम्मानकडे निघालेली, शेजारची केरळी नर्स म्हणाली, चल तू. नवऱ्याला टाकून जाऊ? आणि राहू तर खाऊ काय? सकाळी पिशवी भरायची, संध्याकाळी रिकामी करायची. काय सांगू तुम्हाला, डोकं चालेनासं झालं होतं.

अशात एक दिवस शटर वाजलं. बघते तर इराकी अधिकारी, कमरेला पिस्तूल, मागे काळ्या अबायात बायको. म्हणाला, बसऱ्याला हिच्या भावाचं लग्न आहे, हिचा चेहरा कर. आता बोला! नाही म्हणायची माझी काय टाप? तो पडद्याबाहेर खुर्ची टाकून बसला. बायको कोवळी, विशीची असेल, चेहरा उन्हाने तडतडलेला. काकडी बाजारात नव्हती, कलिंगड नव्हतं, एक खरबूज तेवढं मिळालेलं, त्याचंच पाणी गाळून ठेवलं होतं. तेच मारलं. आणि मेलं दहा मिनिटांत तिच्या गालावर, गळ्यावर ह्या एवढाल्या गांधी! खाजवायला लागली, रडायला लागली.

आमच्याकडे अंगावर पित्त उठलं की काय करतात? आमसूल भिजवून चोळतात. दुसरं काही सुचलंच नाही. आईने दिलेली बरणी होती, मूठभर आमसुलं पाण्यात कुस्करली आणि कापसाने लावत सुटले. ते पाणी लालभडक, गळ्यावरून ओघळून पांढऱ्या टॉवेलवर. तिचं रडणं ऐकून त्याने पडदा ओढला, आणि जे दिसलं ते बघून ओरडला, रक्त! पिस्तूल थेट माझ्यावर. मला अरबी येतं हो, सलूनपुरतं चांगलं येतं, पण तेव्हा एक शब्द फुटेना. मी काय केलं, वाडगा उचलला आणि त्याच्यासमोर ते पाणी घटाघटा प्यायले. तिच्या ओठावर आलेला थेंब तिने चाटला, तोंड वाकडं केलं आणि फस्सकन हसली. म्हणाली, आंबट आहे!

अर्ध्या-पाऊण तासात गांधी बसल्या. पोरीने माझा हात धरला, नवरा कुठे म्हणून विचारलं. मी सांगून टाकलं, शुवैखला अडकवलाय. ती त्याच्याकडे वळून काहीतरी भराभर बोलली. त्याने मला विचारलं, नवऱ्याचं नाव काय? कुठलं गॅरेज? आणि इथे माझी पंचाईत. सांगितलं तर सोडेल, की नाव कळलं म्हणून आणखी कुठे नेऊन टाकेल? सांगितलं शेवटी. ते गेल्यावर मात्र मी स्वतःला काय काय शिव्या घातल्या, विचारू नका.

चार-पाच दिवसांनी हे दारात उभे. म्हणाले, एकाने येऊन नाव पुकारलं, जा म्हणाला. मी त्यांना धरून इतकी रडले! बसने अम्मान, तिथून विमानाने मुंबई. घरी सगळी हकीकत सांगितली तर हे म्हणतात, त्याने सोडलं म्हणतेस, पण धरून ठेवलं होतं कोणी? तेही खरंच ना. त्या माणसाला दुवा द्यावा की शाप, मला अजून कळत नाही. पोरीला मात्र देते, सुखात असो बाई.

लढाई संपली, मॅडम परत आल्या, बोलावणं आलं, आम्हीही आलो. सलून उघडलंय. तेलाच्या विहिरी जळतायत त्याची काजळी बायकांच्या चेहऱ्यावर बसते, पुसून पुसून कातडी सोलवटते, म्हणून फळाच्या पाण्याला मरणाची मागणी. सगळं पहिल्यासारखं आहे, फक्त मॅडमचा भाऊ आलेला नाही. कुठे आहे, आहे की नाही, कोणी सांगत नाही.

मी मॅडमना सगळं सांगितलं. माझ्या खुर्चीवर इराक्यांच्या बाईला बसवलीस म्हणून रागावतील वाटलं होतं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं हो. त्या म्हणाल्या, सुलभा, त्या अधिकाऱ्याचं नाव सांग, भावासाठी मी त्याच्या दारात जाऊन बसेन. अजून विचारतात. मी काकडीचं पाणी मारत असते, डोळे मिटलेले असतात आणि मध्येच म्हणतात, आठवतंय का काही?

काय आठवणार? त्याने माझ्या नवऱ्याचं नाव विचारलं, मी त्याचं विचारलंच नाही. भाऊ घरी येऊ दे त्यांचा, एवढंच मागते देवाकडे.