बाप मागावर

फोनमुळं घरातला संवाद तुटतो म्हणताय, पण आमच्या घरात तो फोननंच सुरू केला. बाबा जन्मभर भवानी पेठेत यंत्रमागावर कामाला होते. त्यांच्यावर मी कविता लिहिली: 'बाप माझा जन्मभर मागावर राहिला.' म्हटलं, या एआयला प्रतिमा कळतात का ते तरी बघू. फोनला अर्थ विचारला, तर तो आई-बाबांसमोरच गोड आवाजात म्हणाला, "हा बाप कुणाच्या तरी मागावर आहे. बहुधा ते त्याचं तरुणपणी हरवलेलं प्रेम असावं."

लसूण सोलता सोलता आईचा हात थांबला. "कोण हुती ओ ती?"

"अगं, माग म्हंजे कापडाचा माग," बाबा म्हणाले. "रोज डबा तूच देत हुतीस की."

"डबा देत हुते. तुमी त्यो कुटं जाऊन खात हुता, ते मला काय म्हाईत?"

बाबा माझ्याकडं वळले. "त्या मागाच्या आदी 'यंत्र' घाल बघू."

"बाबा, मग ओळीची लय बिघडते."

"हितं संसार बिघडाय लागलाय, आन् तुला लयीचं पडलंय व्हय."