कळव्याच्या खळ्याची सुनावणी

(साल १९८९. ठाण्यातील एका कचेरीचा व्हरांडा. कळवा स्थानकालगतच्या जमिनीवर, जिथे कोळणींचे मासळी सुकवायचे खळे आहे, उंच इमारतींना परवानगी द्यावी काय, यावर आत सुनावणी चालली आहे. कोळीवाड्याच्या वतीने बोलण्यास मनुबाई आली आहे. सोबत तिची सून सगुणा.)

सगुणा : बसा ना आई. उभं राहून नाव लवकर पुकारणार आहेत का?

मनुबाई : बसवत नाही गं. समस्त बायांनी माझ्यावर भरवसा ठेवून मला धाडलंय. खळं गेलं, तर जवळा काय डोक्यावर सुकवायचा?

सगुणा : आणि इमारती झाल्या नाहीत, तर मी राहायचं कुठे?

मनुबाई : तो विषय इथे नको.

सगुणा : मग कुठे काढू? घरात? तिथं एका खोलीत तुम्ही, बाबा, दोन दीर. आम्ही टिटवाळ्याला भाड्यानं. वागळे इस्टेटीतल्या कारखान्यातून तुमचा चंदू घरी पोचतो, तेव्हा पोर झोपलेलं असतं. रविवारी बापाला बघून रडतं ते, पाव्हणा समजून!

मनुबाई : लग्नात तुला खळ्यावरची माझी जागा दिली. बाया हसल्या, जितेपणी सुनेला देतेस म्हणून. तरी दिली.

सगुणा : विसरले नाही. पण टिटवाळ्याहून येऊन जवळा कधी पसरू? अजून तुम्हीच पसरता तिथं.

मनुबाई : इमारतीतली माणसं पहिलं काय करतील, सांगू? नाकाला रुमाल. दुसरं, अर्ज. वास बंद करा!

सगुणा : करतील. पण त्यातल्या एका खिडकीत मी असेन.

मनुबाई : एकटीनं काय होतंय?

सगुणा : आज तुम्हीही एकट्याच आत निघालात की.

मनुबाई : जीभ आहे का कोयता!

सगुणा : स्टेशनाच्या अंगाला चढवा म्हणावं हवे तेवढे मजले, खाडीच्या अंगाला खळं सोडा. उंच बांधलं, तर जमीन कमीच लागेल ना?

मनुबाई : मला फक्त ‘नको’ म्हणायला पाठवलंय. वेगळं काही बोलले, तर बायांची म्होरकी आवडाबाई मला कोळीवाड्यात तोंड दाखवू देणार नाही.

सगुणा : मग म्हणा ‘नको’. मी कुठे हात धरलाय?

शिपाई : मनुबाई गोमाजी कोळी! हरकत आहे, की सूचना?

मनुबाई : फरक काय रे दादा?

शिपाई : हरकत म्हणजे नको. सूचना म्हणजे असं करा. लवकर बोला मावशी, मागे रांग आहे.

सगुणा : आई, साहेब थांबायचे नाहीत.

मनुबाई : सूचना लिही दादा. ऊठ गं, चल माझ्याबरोबर. मजल्यांचं तू बोल, खळ्याचं मी बोलते. आवडाबाईला काय सांगायचं, ते परतताना बघू.